जंतुनाशकानं कातडी भाजते तेव्हा: घरी काय करायचं, दवाखान्यात काय सांगायचं

गेल्या पावसाळ्यात आमची आई परसातल्या मोरीच्या पायरीवर घसरली. नडगीला खरचटलं, जेमतेम रुपयाएवढं. मी कापसाची चौकोनी घडी घरातल्या जंतुनाशकात बुडवली, त्यात थेंबभरही पाणी न घालता, आणि जखमेवर ठेवली. वरून क्रेप बँडेज घट्ट गुंडाळलं. आंघोळीत भिजू नये म्हणून त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधली आणि ती तशीच राहून गेली. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला बँडेज सोडलं तर खरचटलेली जागा सापडेना. तिथं तळहाताएवढा चौकोन उमटला होता. मधे पांढुरका-तपकिरी, कडेला लालभडक, एका कोपऱ्यात पाण्यानं टम्म भरलेला फोड. कडा इतक्या सरळ की फूटपट्टीनं आखल्यासारख्या.

आई म्हणाली, "मला तर काहीच दुखलं नाही." तिला चौदा वर्षांपासून मधुमेह आहे आणि पायांची संवेदना बरीच कमी झाली आहे, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही त्या क्षणी ते डोक्यात आलं नाही.

जवळच्या दवाखान्यात "जखम चिघळली" असं म्हणून अँटिबायोटिक दिलं आणि तेच जंतुनाशक लावत राहायला सांगितलं. आम्ही आणखी तीन दिवस लावलं. चौथ्या दिवशी एका सर्जनकडे गेलो. त्यांनी पट्टी उघडून एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "ताई, पडून झालेली जखम चौकोनी नसते. हे औषधानं भाजलंय." रुपयाएवढं खरचटलं होतं, ते भरायला नऊ आठवडे लागले.

त्या नऊ आठवड्यांत जे शिकले ते इथं क्रमानं मांडते आहे. घरात म्हातारं माणूस, तान्हं बाळ किंवा मधुमेही असेल तर पहिल्या तीन पायऱ्या आजच करून टाका. अंगावर आधीच फोड आला असेल तर थेट पाचव्या पायरीवर जा.

१. भाजतं कशामुळे, ते आधी समजून घ्या

जंतुनाशक जंतूंच्या पेशींचं आवरण फोडतं, त्यांची प्रथिनं बिघडवतं. आपल्या पेशींनाही आवरण असतं आणि त्याही प्रथिनांच्याच असतात. अखंड कातडीवर मृत पेशींचा जाड थर असतो, म्हणून थोडा वेळ काही होत नाही. खरचटलेल्या जागी तो थरच गेलेला असतो, तिथं औषध सरळ जिवंत पेशींवर पडतं.

भाजणं तीन गोष्टींवर ठरतं: औषध किती तीव्र आहे, किती वेळ लागून राहिलं आणि वरून झाकलं होतं का. तिसरी गोष्ट आपल्याला सुचत नाही. उघड्यावर लावलेलं औषध थोड्या वेळात उडून जातं, वाळतं. तेच कापसात भिजवून, वर बँडेज, त्यावर प्लास्टिक असं कोंडलं की ते वाळत नाही. आतली कातडी घामानं आणि ओलीनं फुगते आणि औषध खोल मुरत जातं. आईच्या बाबतीत मी तिन्ही गोष्टी एकाच वेळी केल्या होत्या.

आपल्याकडे लहानपणापासून ऐकलेलं एक वाक्य आहे, "झोंबतंय ना, म्हणजे लागू पडतंय." मीही माझ्या मुलांना हेच सांगत आले. झोंबणं म्हणजे उघड्या पडलेल्या मज्जातंतूंची ओरड असते, औषधाच्या गुणाशी तिचा काही संबंध नाही. शिवाय ज्यांच्या पायाला मुंग्या येतात, बधिरपणा आहे, त्यांना झोंबतच नाही. "दुखत नाही म्हणजे ठीक आहे" हा हिशेब त्यांच्या बाबतीत पूर्ण चुकतो.

हे नवीन नाही, हे कळल्यावर मला जरा धीर आला. १८८९-९०च्या हिवाळ्यात अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्प्टन या परिचारिकेचे हात जंतुनाशक म्हणून वापरल्या जाणाऱ्या मर्क्युरिक क्लोराइडनं सोलवटून निघत होते. सर्जन विल्यम हॅलस्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी हातमोजे बनवून घेतले. आज प्रत्येक ऑपरेशनला घातले जाणारे हातमोजे तिथून आले. म्हणजे आधी ते जंतूंपासून नाही, जंतुनाशकापासून हात वाचवायला बनले.

२. घरातल्या सगळ्या बाटल्या ओट्यावर मांडा आणि लेबल वाचा

लागेल ते एवढंच: चांगला उजेड, चष्मा, एक मार्कर पेन आणि ५ मिलीचा चमचा किंवा मापाचं झाकण. प्रत्येक बाटलीवर तीन गोष्टी शोधा: आतला घटक, त्याचे टक्के आणि "पाण्यात मिसळून वापरा" अशी सूचना आहे का.

*पाण्यात घातलं की दुधाळ होणारं घरगुती जंतुनाशक.* आपण सगळ्यालाच सरसकट "डेटॉल" म्हणतो. यात साधारणपणे ४.८ टक्के क्लोरोझायलेनॉल असतं, सोबत टर्पिनिऑल आणि अल्कोहोल. जखमेसाठी ते पातळ करूनच वापरायचं असतं, ढोबळमानानं एका भागाला वीस भाग पाणी, म्हणजे १०० मिली पाण्यात ५ मिलीचा एक चमचा. तुमच्या बाटलीवरचं प्रमाण वेगळं असेल तर बाटलीवरचं खरं माना. सगळ्यात जास्त चुका याच बाटलीच्या होतात, कारण ती प्रत्येक घरात असते.

*सेट्रिमाइड आणि क्लोरहेक्सिडिन असलेलं, सॅव्हलॉनसारखं.* हेही पातळ करायचं. यात एक मोठा सापळा आहे. मेडिकलमध्ये दवाखान्यांसाठीचं "हॉस्पिटल कॉन्सन्ट्रेट" मिळतं, मोठ्या कॅनमध्ये, घाऊक भावात स्वस्त. त्यात तेच घटक अनेक पट जास्त असतात. घरगुती बाटलीच्या सवयीनं ते ओतलं तर भाजणारच. क्लोरहेक्सिडिन डोळ्यात आणि कानाच्या आत कधीच जाऊ द्यायचं नाही.

*पोव्हिडोन आयोडीन, म्हणजे बीटाडीनसारखं तपकिरी औषध.* मलम बहुधा ५ टक्क्यांचं, द्रावण ५ किंवा १० टक्क्यांचं. १० टक्क्यांच्या द्रावणात उपलब्ध होणारं आयोडीन १ टक्काच असतं, म्हणून पातळ थर लावून वाळू दिला तर बहुतेकांना ते सोसतं. पण ७.५ टक्क्यांचा "सर्जिकल स्क्रब" वेगळा. त्यात साबणासारखा फेस आणणारा घटक असतो, तो हात धुवायला आहे, लगेच धुऊन टाकायला. जखमेवर लावून वर पट्टी बांधायला तो नाही. बाटल्या दिसायला जुळ्या बहिणी. माझ्या नणंदेच्या कपाटात दोन्ही शेजारी शेजारी होत्या आणि तिला फरक माहीत नव्हता. आणखी एक: आयोडीनच्या तपकिरी रंगाखाली लाली झाकली जाते, भाजतंय हे उशिरा कळतं. थायरॉइडचा आजार, गरोदरपण किंवा तान्हं बाळ असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मोठ्या जखमेवर वापरू नका.

*हायड्रोजन पेरॉक्साइड.* फेस येतो म्हणून लोकांना हे फार आवडतं. तो फेस म्हणजे आपल्याच पेशींतल्या एका विकरामुळे सुटणारा ऑक्सिजन. बाटलीवर कधी टक्के असतात, कधी "व्हॉल्यूम" असतो. १० व्हॉल्यूम म्हणजे सुमारे ३ टक्के, २० व्हॉल्यूम म्हणजे सुमारे ६ टक्के. केसांना रंग लावायला पार्लरमध्ये ३० आणि ४० व्हॉल्यूम वापरतात, ते जखमेच्या आसपासही आणू नका. खोल, अरुंद तोंडाच्या जखमेत तर कुठलंच पेरॉक्साइड ओतायचं नाही. आत कोंडलेला वायू रक्तवाहिनीत शिरू शकतो.

*पोटॅशियम परमँगनेट.* पूर्वी विहिरीत टाकायचे ते जांभळे खडे. अजून काही घरांत पुडी असते. वैद्यकीय वापर साधारण १० लिटर पाण्याला १ ग्रॅम इतका विरळ, पाणी फिकट गुलाबी दिसावं एवढाच. विरघळायचा राहिलेला एक खडाही कातडीला चिकटला तर तिथं खोल खड्डा पाडतो. मी आमची पुडी फेकून दिली. अंदाजानं करण्याजोगी ही गोष्ट नाही.

*स्पिरिट* इंजेक्शनच्या आधी अखंड कातडी पुसायला आहे. *फिनेल, ब्लीच, टीसीएल पावडर* ही फरशीची आणि टाकीची औषधं, माणसाची नव्हेत. हे सांगायची गरज वाटत नसेल तर तुमच्या घरात पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेलं पांढरं फिनेल आहे का ते बघून या. पातळ केलेलं जंतुनाशक आणि पांढरं फिनेल दोन्ही दुधाळ दिसतात. बाटली बदलली असेल तर मार्करनं मोठ्या अक्षरात नाव घाला, त्याहून बरं म्हणजे बदलूच नका.

दोन औषधं एकत्र करू नका. "आधी पेरॉक्साइड, मग आयोडीन, मग पावडर" असा थरांवर थर अनेक घरांत चालतो. प्रत्येक थर कातडीला नवा त्रास देतो, आणि नंतर नेमकं कशानं भाजलं ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

३. साधी जखम अशी धुवा

आधी स्वतःचे हात साबणानं. मग जखम नळाच्या वाहत्या, पिण्याजोग्या पाण्याखाली पाच-दहा मिनिटं. माती, खडी निघून जाईपर्यंत धुवा, वाटल्यास भोवतीच्या कातडीला साधा साबण लावा. पाण्याची खात्री नसेल तर मेडिकलमधून नॉर्मल सलाइनची बाटली आणा. ०.९ टक्के मिठाचं निर्जंतुक पाणी ते, स्वस्त मिळतं, झोंबतही नाही. उघडलेली बाटली चार दिवस पुरवून वापरू नका.

रक्त थांबत नसेल तर स्वच्छ फडक्यानं दहा मिनिटं न सोडता दाबून धरा. मग कोरडं निर्जंतुक गॉझ, म्हणजे जखमेवर ठेवायचं जाळीदार कापड, वर सैल पट्टी. कापूस सरळ जखमेवर नको, तंतू अडकतात. रोज उघडून पाहा.

जंतुनाशक लावायचंच असेल तर पातळ करून जखमेच्या भोवती पुसा आणि वाळू द्या. भिजवलेली घडी बांधून ठेवू नका, आणि वर प्लास्टिक तर नकोच.

"पण जंतू मरणार कसे?" हा प्रश्न मी सर्जनना विचारला होता. त्यांनी सांगितलं की पेनिसिलिनवाले अलेक्झांडर फ्लेमिंग पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये बुलोनच्या लष्करी रुग्णालयात होते. तेव्हा त्यांनी दाखवलं की फाटक्या, खोल जखमांच्या कोपऱ्यांत जंतुनाशक पोहोचत नाही, उलट जंतूंशी लढणाऱ्या आपल्याच पांढऱ्या पेशी आधी मारतं. जंतू आणि घाण वाहून नेणं हे पाण्याचं काम, उरलेल्यांशी लढणं हे रक्ताचं.

तीन जागांबद्दल वेगळं सांगते.

नाजूक भाग. बाळंतीण, मूळव्याधीचं ऑपरेशन झालेली माणसं, जांघेत खाज सुटणारे, सगळ्यांना कुणीतरी "टबात डेटॉल टाकून बस" असं सांगतं. किती टाकायचं ते कुणी सांगत नाही. तिथली कातडी पातळ असते, घड्यांमध्ये औषध साचून राहतं. भाजलं तर लाजेनं माणूस चार दिवस बोलत नाही. कोमट पाणी पुरे. टाके असतील तर टबात काय घालायचं, घालायचं की नाही, हे फक्त तुमच्या डॉक्टरांचं ऐका.

तान्ही बाळं. नाळ कोरडी आणि उघडी ठेवायची. स्पिरिट, पावडर, हळद, तेल काही नाही. वेळेआधी जन्मलेल्या बाळाची कातडी तर इतकी कोवळी असते की दवाखान्यातही स्पिरिटमधलं क्लोरहेक्सिडिन अतिशय जपून वापरतात.

मधुमेही पाय. पाय जंतुनाशकाच्या पाण्यात भिजवत बसू नका. पायाची कुठलीही जखम, अगदी बूट चावल्याचीही, डॉक्टरांना दाखवायची.

४. भाजलंय हे ओळखा

आमचे तीन दिवस इथंच वाया गेले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

*आकार पाहा.* औषधानं भाजलेली जागा जिथं औषध होतं तिथंच असते: घडीचा चौकोन, पट्टीची रेघ, ओघळ गेला असेल तर ओघळाची वाट. बँडेज सोडल्यावर आधी आकार पाहायचा, ही सवय मला आता लागली आहे.

*वेळ पाहा.* भाजणं काही तासांत दिसतं. अ‍ॅलर्जी बहुतेक वेळा एक-दोन दिवसांनी येते, खाज जास्त असते, बारीक पुळ्या औषधाच्या हद्दीबाहेरही पसरतात. दोन्हींत औषध ताबडतोब बंद करायचं, हे सारखंच.

*रंग आणि वेदना एकत्र पाहा.* लाल, ओली, हात लावला की कळ येणारी जागा म्हणजे भाजणं बहुधा वरवरचं. पांढरी, तपकिरी किंवा करडी, चामड्यासारखी, आणि दुखत नसलेली जागा म्हणजे खोल. कमी दुखतंय म्हणून निर्धास्त होऊ नका. आईचा मधला भाग असाच होता.

जंतुसंसर्गात लाली दिवसागणिक पसरत जाते, जागा गरम लागते, पू आणि वास येतो, ताप येऊ शकतो. भाजलेल्या जागेवर पांढरट-पिवळा थर दिसतो तो मेलेल्या कातडीचा असतो, पू नव्हे. पहिल्या दवाखान्यात नेमकी हीच गफलत झाली. अर्थात भाजलेल्या जागी नंतर संसर्ग होऊ शकतो, म्हणून ठरवायचं काम डॉक्टरांचं. तुमचं काम एवढंच की "यावर अमुक औषध, पाणी न घालता, इतके तास बांधलेलं होतं" हे वाक्य आपणहून उच्चारायचं. आम्ही फक्त "पडली" एवढंच सांगितलं होतं.

ऑपरेशन होऊन घरी आलेल्या माणसाच्या कुल्ल्यावर, पाठीवर किंवा मांडीभोवती पट्ट्यासारखा लाल-काळा डाग दिसला तर तोही याच जातीचा असू शकतो. ऑपरेशनपूर्वी लावलेलं आयोडीन ओघळून अंगाखाली किंवा रक्त थांबवायच्या पट्ट्याखाली साचतं, तासन् तास ओलं राहतं आणि भाजतं. घरचे त्याला बेडसोअर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहून होणारी जखम, समजतात. डाग दिसताच ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना दाखवा, फॉलोअपच्या तारखेची वाट पाहू नका.

५. पहिली वीस मिनिटं

१) औषधात भिजलेलं सगळं काढा: पट्टी, कापूस, कपडे, मोजे. अंगठी, बांगडी, जोडवी, पैंजण सूज चढायच्या आत काढा. मदत करणाऱ्यानं हातमोजे घालावेत.

२) खडे किंवा पावडर असेल तर आधी कोरड्या फडक्यानं झटका, मग पाणी.

३) वाहतं पाणी किमान २० मिनिटं. घड्याळ लावा, कारण अंदाजानं केलं तर पाच मिनिटांतच वीस झाल्यासारखी वाटतात. नंतरही आग होत असेल तर धूत राहा. धार हलकी हवी आणि पाणी चांगल्या कातडीवरून वाहणार नाही अशा बाजूनं जायला हवं. बाळाला किंवा म्हाताऱ्या माणसाला थंडी वाजू देऊ नका, बाकीचं अंग पांघरून ठेवा.

४) फोड फोडू नका.

५) कोरडं, स्वच्छ, न चिकटणारं गॉझ किंवा धुतलेलं सुती फडकं सैल ठेवा. दुखत असेल तर नेहमीची पॅरासिटामॉल चालते.

आता काय *नाही* करायचं. बर्फ नाही. टूथपेस्ट, हळद, कोरफड, तूप, शाई, बटाट्याचा कीस नाही. लिंबू किंवा सोडा लावून "उतारा" करायचा नाही, त्यातून उष्णता सुटून आणखी भाजू शकतं. भाजल्याचं मलमही डॉक्टरांनी पाहीपर्यंत नको. आणि ज्यानं भाजलं तेच जंतुनाशक "जखम झाली म्हणून" पुन्हा लावायचं नाही. हे वाचताना कुणाला खरं वाटणार नाही, पण आम्ही तीन दिवस तेच केलं.

डोळ्यात गेलं तर पापण्या बोटांनी उघड्या धरून २० मिनिटं किंवा जास्त वेळ पाणी सोडा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा, मग सरळ डोळ्यांच्या रुग्णालयात. पोटात गेलं तर उलटी करवू नका, जाताना घशाला पुन्हा भाजतं. बाटली घेऊन निघा. ओठ-जीभ सुजली, दम लागला, अंगभर गांधी उठल्या तर १०८ लावा. क्लोरहेक्सिडिनची अशी तीव्र अ‍ॅलर्जी क्वचित येते, पण आली तर मिनिटं मोजायची असतात.

६. दवाखान्यात कधी, आणि काय घेऊन

त्याच दिवशी जा, जर भाजलेली जागा रोग्याच्या स्वतःच्या तळहातापेक्षा मोठी असेल (बोटांसह तळहात म्हणजे अंगाचा सुमारे १ टक्का), चेहरा, हात, पाऊल, सांधा किंवा नाजूक भाग असेल, जागा पांढरी, तपकिरी किंवा बधिर असेल, हातापायाला गोल वेढून भाजलं असेल. लहान मूल, वयस्कर, मधुमेही किंवा गरोदर असेल तर लहानसं भाजलेलंही दाखवा. शक्य तिथं सर्जन किंवा प्लास्टिक सर्जन गाठा.

सोबत न्यायचं:

- औषधाची मूळ बाटली, खोक्यासकट. बॅच नंबर आणि मुदतीची तारीख खोक्यावर असते.
- फोटो. बँडेज सोडल्या क्षणी एक, धुतल्यावर एक, शेजारी नाणं ठेवून. मोबाइलवर वेळ आपोआप नोंदली जाते.
- एका कागदावर: औषध किती वाजता लावलं, पाणी किती घातलं, किती तास झाकलं, किती वेळ धुतलं.
- चालू गोळ्यांची चिठ्ठी, शेवटचा साखरेचा आणि एचबीए१सीचा (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) रिपोर्ट.
- सल्फाच्या गोळ्यांची अ‍ॅलर्जी असेल तर ती आधीच सांगा. भाजल्यावर लावतात त्या पांढऱ्या सिल्व्हर सल्फाडायझिन मलमात सल्फा असतं.
- धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते. आपण "टीटी" म्हणतो, आता "टीडी" मिळतं.
- आधार कार्ड, रेशन कार्ड, विम्याचं कार्ड.

मोठ्या रुग्णालयात भाजल्याची केस म्हटली की एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, करतात. आम्हाला कागद पुढे केल्यावर धडकी भरली होती. घाबरू नका, ती त्यांची पद्धत आहे, घडलं ते जसंच्या तसं सांगा. मात्र केसपेपरवर कारण स्पष्ट लिहून घ्या: "घरी जंतुनाशक लावल्यानं अपघातानं झालेला केमिकल बर्न." नुसतं "जखम" लिहिलेलं असेल तर विम्याच्या दाव्याला पुढे प्रश्न येतात आणि दुसऱ्या डॉक्टरांनाही दिशा मिळत नाही.

भरती व्हावं लागलं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजल्यावरच्या उपचारांचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा टेबल असतो, भरतीच्या दिवशीच तिथं कागद द्या. बाहेरून येऊन करायच्या ड्रेसिंगचा खर्च मात्र आपलाच धरा.

७. ड्रेसिंगचे आठवडे

वरवरचं भाजलेलं साधारण दोन-तीन आठवड्यांत भरतं. तीन आठवड्यांनंतरही भरत नसेल तर कातडी लावायची वेळ येऊ शकते, म्हणून त्या टप्प्यावर सर्जनना विचारा. आईचं त्या काठावरच होतं.

आम्हाला सलाइननं धुऊन पॅराफिन गॉझ, म्हणजे जेलीत भिजवलेली जाळी, वर कोरडं गॉझ आणि सैल बँडेज असं सांगितलं होतं. पहिले पंधरा दिवस सिस्टरनी केलं, पुढे मी. एक गोष्ट सिस्टरनी शिकवली ती सोन्यासारखी: चिकटलेलं गॉझ ओढायचं नाही, त्यावर सलाइन ओतून दहा मिनिटं बसायचं. मग ते आपोआप सुटतं, नवी आलेली गुलाबी कातडी त्याच्याबरोबर निघून येत नाही. मी त्या दहा मिनिटांत आईला पेपर वाचून दाखवायची.

रोज त्याच उजेडात, त्याच कोनातून फोटो घ्या. डोळ्यांना रोजचा फरक कळत नाही, आठवड्याचे सात फोटो ओळीनं पाहिले की कळतो. कडेकडून गुलाबी कातडी आत सरकत असेल तर ठीक. लाली पसरली, वास आला, ताप आला, वेदना अचानक वाढली किंवा काळपट झाली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. साखर आटोक्यात नसेल तर ड्रेसिंग कितीही चांगलं केलं तरी भरत नाही, त्यामुळे ग्लुकोमीटर ड्रेसिंगच्या डब्यातच ठेवा. जेवणात डाळी, अंडी, दही, म्हणजे प्रथिनं वाढवा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आधी विचारून.

भरल्यानंतर ती कातडी कोरडी पडते, खाजते. वास नसलेलं साधं मॉइश्चरायझर दिवसातून दोन-तीनदा, आणि वर्षभर उन्हापासून झाकून. नाहीतर डाग गडद होतो.

८. घडलेलं कळवा

ही पायरी कुणी सांगत नाही. औषधानं अपाय झाला तर तो कळवायची सरकारी सोय आपल्याकडे २०१० पासून आहे, भारतीय औषध-सुरक्षा निरीक्षण कार्यक्रम, आता तो गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे आहे. टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे, आणि तो भरायला डॉक्टर असावं लागत नाही. चूक आपल्या हातून झाली असली तरी कळवायचं, कारण एकच चूक अनेक घरांत होत असेल तर लेबलवरच्या सूचना मोठ्या करायला तोच आधार ठरतो.

लागेल ते: औषधाचं नाव, कंपनी, बॅच नंबर, मुदत, कधी व कसं वापरलं, काय झालं, बरं व्हायला किती दिवस लागले. रुग्णाचं पूर्ण नाव द्यावं लागत नाही, आद्याक्षरं चालतात. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात यासाठी केंद्र असतं, तिथल्या फार्माकॉलॉजी विभागात चौकशी करा. बाटली फेकली असेल तर निदान फोटो तरी हवा. आमच्याकडे बाटली होती, पण बॅच नंबरवरची शाई माझ्या ओल्या हातांनी पुसली गेली होती. म्हणून आता नवी बाटली आणली की मी लेबलचा फोटो काढते, आणि झाकणावर मार्करनं लिहिते: "१ चमचा – १०० मिली पाणी. बांधायचं नाही."